पिझ्झावाल्याला गाळा द्यावा का? वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर एकाच तऱ्हेचे इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवलेत. पिझ्झा-पास्ताचं हॉटेल गाळा मागतंय, द्यायचा का? आणि उलट बाजूनं, आम्ही असं हॉटेल टाकतोय, मालकाशी काय काय बोलून घ्यायचं? साताऱ्यात आणि सांगलीत दोन्हीकडं हे चाललंय. मी गेली कित्येक वर्षं सांगलीत भाडेकरार करून देते, आणि आमच्या स्वतःच्या विश्रामबागेतल्या गाळ्यात आधी साड्यांचं दुकान होतं, नंतर पास्तावाला आला, त्यामुळं दोन्ही बाजू जवळनं बघितल्यात. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही, फक्त भाग देतेय.

प्रश्न (शनिवार पेठ, सातारा): ताई, आमचा तळमजल्यावर ६५० स्क्वेअर फुटांचा गाळा आहे, वरच्या दोन मजल्यांवर आम्ही आणि माझे दीर राहतो. आजवर कापडाचं दुकान होतं. आता पुण्याहून परत आलेलं एक तरुण जोडपं लाकडावरच्या पिझ्झाच्या भट्टीसाठी गाळा मागतंय, कापडवाल्यापेक्षा ८ हजार जास्त देतो म्हणतात. दीर म्हणतात हॉटेलवाला नकोच, घाण करतात आणि वर्षात पळून जातात. मुलगा म्हणतो देऊन टाक. मला काही सुचेना झालंय.

उत्तर: द्या असंच मी म्हणेन ताई, पण भाड्याचा आकडा ठरवायच्या आधी तीन गोष्टी बघा आणि त्या बघून होईपर्यंत टोकन घेऊ नका. कापडवाल्याला तुम्ही चार भिंती आणि शटर दिलं होतं. भट्टीवाल्याला तुम्ही जमीन, धूर जायची वाट आणि सांडपाण्याची वाट देताय, आणि या तिन्ही तुमच्या राहत्या घरातनंच जातात.

जमीन आधी. विटांची घुमटासारखी भट्टी, खालचा ओटा धरून, टनाच्या पुढं सहज जाते. खाली भरीव जमीन असेल तर काही चिंता नाही. पण साताऱ्याच्या जुन्या पेठांत घराखाली किंवा अंगणात जुना हौद असतो, त्यावर नंतर फरशी घातलेली असते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशिवाय कुणाला माहीत नसतं, तेव्हा सासूबाईंना किंवा जुन्या शेजाऱ्यांना एकदा विचारून घ्या. खाली पोकळी असेल किंवा भट्टी पोटमाळ्यावर ठेवतो म्हणत असतील तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका, कारण घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराचं वजन धरून केलेला असतो आणि ही भट्टी दीड-दोन चौरस मीटरवर टनभर वजन घेऊन बसते.

मग धूर. इटलीतल्या नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा करायचा म्हणजे भट्टीची फरशी ४३० अंशाच्या आसपास आणि वरचा घुमट ४८५ अंशापर्यंत तापवावा लागतो, तेव्हा तो ६० ते ९० सेकंदात भाजून निघतो. नेपल्सच्या लोकांना या कामाचा इतका अभिमान आहे की २०१७ साली ही पिझ्झा करायची कला युनेस्कोच्या यादीत गेली. पण एवढी उष्णता धरायला लाकूड सारखं घालत राहावं लागतं, आणि दुपारी भट्टी पेटवताना पहिला तासभर जो धूर होतो तो सगळ्यात दाट. डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारा पत्र्याचा नळ, गच्चीच्या वर, पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच नेलेला पाहिजे आणि तुमच्या किंवा दिरांच्या खिडकीजवळनं जाता कामा नये. पावसाळ्यात साताऱ्याला वारं कसलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, डक्टच्या टोकाला नीट टोपी नसली तर धूर उलटा गाळ्यात उतरतो. त्या जोडप्याला स्पष्ट विचारा की लाकूडच पाहिजे का, गॅसच्या किंवा इलेक्ट्रिक ओव्हनवर चालेल का. मोठा इलेक्ट्रिक ओव्हन असेल तर थ्री फेज लागेल, त्याचा अर्ज महावितरणकडं तुमच्या नावानं जाईल आणि पैसे त्यांनी भरायचे, हेही तेव्हाच बोलून घ्या. एक गोष्ट लोक हमखास विसरतात. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यायला वाट लागते. पुढं काचेचं दार, एसी, सगळं बंद, अशा गाळ्यात एक्झॉस्ट सुरू केला की दार ओढून उघडत नाही आणि भट्टीचा धूर बसलेल्या गिऱ्हाइकांच्या टेबलावर येतो.

तिसरी वाट सांडपाण्याची, आणि इथं मी आमचंच सांगते. पास्तावाला येऊन तीन महिने झाले होते, एका रविवारी दुपारी मागच्या मोरीतनं पाणी उलटं वर यायला लागलं, वर राहणाऱ्या काकू ओरडतच खाली आल्या. प्लंबरनं पहारीनं चेंबरचं झाकण उचकटलं तर आत पाणी दिसतच नव्हतं. वर पांढरा थर, हाताच्या पंज्याएवढा जाड, ताकावर लोणी यावं तसा, पण कडक, आणि त्यात शेवयांसारखे पास्त्याचे तुकडे चिकटलेले. चार इंची पाइपात दोन बोटं जागा शिल्लक होती. बांबूच्या कामट्या घालून घालून त्यानं ते काढलं, तीन घमेली निघालं. झालं होतं काय, तर इटालियन पद्धतीनं १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी घेऊन उकळतात, म्हणजे दिवसाला केवढं तरी पिठूळ पाणी मोरीत जातं, त्यात क्रीम, चीज, तेलाची भांडी गरम पाण्यानं धुतलेली. गरम असताना सगळं वाहतं, आणि वीस-तीस फूट पुढं पाइप थंड लागला की तिथं गोठतं. मुलगा बिचारा चांगला होता, रोज रात्री उकळतं पाणी ओतत होता, त्याला वाटायचं पाइप साफ होतोय. त्यानंतर आम्ही ग्रीस ट्रॅप बसवला. साधी पेटी असते, आत आडव्या पट्ट्या, तूप-तेल वर तरंगून अडतं आणि पाणी खालनं निघून जातं, पण ती दर आठवड्याला हातानं साफ करावी लागते. आता मी करते त्या प्रत्येक हॉटेलच्या करारात ट्रॅप कोणी बसवायचा, कोणत्या वारी साफ करायचा आणि चेंबर मालकाला कधीही उघडून बघता येईल हे लिहितेच.

राहिलं दिरांचं म्हणणं. घाण करतात हे सगळ्याच हॉटेलांना सारखं लावता येत नाही. फोडणीचा ठसका, मिरचीचा धूर, तळणीचं तेल, यातलं पिझ्झा-पास्त्यात फार कमी असतं आणि वर राहणाऱ्याच्या दृष्टीनं मी तंदूर किंवा चायनीजपेक्षा हे कधीही आधी घेईन. पळून जाण्याचं म्हणाल तर ते दोघं आत्ता कुठं काम करतात, कुठं स्टॉल लावतात तिथं जाऊन खाऊन या. शनिवार-रविवारी जाऊ नका, मंगळवारी संध्याकाळी जा आणि दीड तास बसा. मंगळवारी कोण येतंय त्यावर तुमचं भाडं ठरतं, सप्टेंबरात कासला निघालेल्या गाड्यांवर नाही.

प्रश्न (मिरज, गाळा सांगलीत १०० फुटी रोडला): मी पुण्यात सात वर्षं इटालियन किचनमध्ये काम करून आलोय. बघितलेला गाळा सगळ्या दृष्टीनं चांगला आहे. मालक म्हणतात करार ११ महिन्यांचाच, नोटरी करून, दरवर्षी नवा. भाडं ४० हजार, डिपॉझिट २ लाख. माझे ओव्हन, हूड (ओव्हनवरचं धूर ओढून घेणारं झाकण), थ्री फेज, फर्निचर मिळून १५ लाख जाणारेत. मालक वडिलांच्या ओळखीचे आहेत, चांगला माणूस आहे, कागदावरनं वाद नको असं वडिलांचं म्हणणं आहे.

उत्तर: वडिलांना माझा नमस्कार सांग आणि हा हिशोब दाखव. १५ लाख भागिले ११ म्हणजे महिन्याला १ लाख ३६ हजार. तेच १५ लाख भागिले ६० म्हणजे महिन्याला २५ हजार. ओव्हन तोच, पास्ता तोच, नुसत्या कराराच्या मुदतीनं तुझ्या धंद्यावर एवढं ओझं पडतं किंवा उतरतं. मालक चांगले आहेत हे मी मानते, पण चांगल्या माणसाला पण मुलगा असतो, सून असते, आजारपण असतं, आणि बाराव्या महिन्यात शेजारचा कुणी ६० हजार देतो म्हणून आला तर त्या माणसाला नाही म्हणायला तू कशाचा आधार ठेवलायस?

११ महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, ही समजूत आपल्याकडं घराघरांत बसलीय. रजिस्ट्रेशन कायद्यात वर्षाच्या वरचा भाडेपट्टा रजिस्टर करावाच लागतो असं आहे, तिथनं हे ११ आलं. पण महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, ३१ मार्च २००० पासून लागू झालेला, आणि त्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी देणारा, करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच पाहिजे, मग तो ११ महिन्यांचा असो नाहीतर ६० महिन्यांचा. ती जबाबदारी मालकाची आहे. रजिस्टर केला नाही आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं, शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे नोटरीचा आग्रह धरून मालक स्वतःचंच नुकसान करतायत, हे त्यांना गोडीनं सांग, ऐकतील.

खर्च म्हणशील तर तोही डोंगराएवढा नाही. लीव्ह अँड लायसन्सला स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. तीन वर्षांचं धर, ४० हजार गुणिले ३६ म्हणजे १४ लाख ४० हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज मानतात, म्हणजे तीन वर्षांचे ६० हजार, एकूण १५ लाख, त्याचा पाव टक्का ३,७५०. महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी १ हजार. तुझ्या एका रविवारच्या गल्ल्यापेक्षा कमीच असेल. दरवर्षीची भाडेवाढ धरली तर थोडं वाढेल एवढंच. मी तर म्हणते पाच वर्षांचाच कर.

आता मालकाची भीती पण समजून घे, ती खरी आहे. लायसन्समध्ये गाळा वापरायची नुसती परवानगी असते, कब्जा मालकाचाच राहतो, पण मुदत संपल्यावर एखादा बसून राहिला तर राहत्या घरासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडं जायची जी जवळची वाट कायद्यात दिलीय ती दुकानाच्या गाळ्याला नाही, दिवाणी कोर्टातच जावं लागतं. म्हणून मालक लोक मुदत छोटी ठेवतात. तू आपणहून सांग की मुदत संपल्यावर सोडला नाही तर रोजचं भाडं दुप्पट आणि डिपॉझिटमधनं कापून घ्या, हे कलम मीच लिहून देतो. त्याच्या बदल्यात तू माग की पहिली तीन वर्षं मालकानं करार मोडायचा नाही. आणि तुझ्या बाजूनं लॉक-इन, म्हणजे मधेच सोडता येत नाही ती मुदत, एक वर्षाच्या वर घेऊ नकोस, धंदा बसला नाही तर तीन महिन्यांची नोटीस देऊन निघता आलं पाहिजे.

इंटिरिअरच्या दोन महिन्यांचं भाडं माफ माग. दोन नाही मिळाले तर एक तरी मिळतो, ओव्हन बसतोय, महावितरणचा लोड वाढून येतोय, एफएसएसएआयचं लायसन्स येतंय, तोवर तुझी एक रुपयाची विक्री नसते. आणि शेजारचा गाळा पण याच मालकांचा असेल तर तिथं दुसरा पिझ्झावाला घालायचा नाही असं लिहून घे, बेकरी किंवा चहावाला आला तर तुझं काही बिघडत नाही.

प्रश्न (गोडोली, सातारा): आमचा पास्ता-पिझ्झावाला भाडेकरू म्हणतो की तुमचा जीएसटी नंबर नसला तरी तुमच्या भाड्यावर मला १८ टक्के भरावे लागतात, म्हणून भाडं कमी करा. भाडं ३० हजार आहे. आम्ही कधी जीएसटी घेतला नाही, मग तो कसला भरतो? फसवतोय का?

उत्तर: फसवत नसणार काका. १० ऑक्टोबर २०२४ पासून असं झालंय की मालक जीएसटीत नोंदलेला नसला आणि भाडेकरू नोंदलेला असला, तर दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी भाडेकरूनंच सरकारला भरायचा. तुमच्या ३० हजारांवर ५,४००. बाकीच्या व्यापाऱ्याला तो आपल्या विक्रीच्या जीएसटीतनं वळता करून मिळतो, पण साधं रेस्टॉरंट गिऱ्हाइकाकडनं ५ टक्के घेतं आणि त्या ५ टक्क्यांत भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही. त्यामुळं ते ५,४०० त्याच्या खिशातनं कायमचे जातात, त्याला गाळा ३५,४०० ला पडतो. तो कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना) असेल तर मात्र १६ जानेवारी २०२५ पासून त्याला हे भरावं लागत नाही, एवढं त्याला विचारा, कंपोझिशनवाल्यानं दुकानात तसा बोर्ड लावायचा असतो.

भाडं कमी करायचं का हा तुमच्या दोघांतला प्रश्न. मी असते तर चालू करारात आकडा हलवला नसता, पण या वर्षीची भाडेवाढ अर्धी घेतली असती. मात्र पुढचा करार करताना भाडं लिहाल तिथं जीएसटी कोणाचा ते त्याच ओळीत लिहा.

प्रश्न (हरभट रोड, सांगली): गाळा वडिलोपार्जित आहे. एक इटालियन कॅफेवाला घ्यायला तयार आहे पण त्यानं विचारलंय की महापूर आला तर भाड्याचं काय. आम्ही म्हणालो आमच्या तीन पिढ्यांत भाडेकरूनं असं कधी विचारलं नाही. असं कलम घालायचं का?

उत्तर: घाला, आणि ज्यानं विचारलं त्याला गाळा द्या, कारण तो विचार करून पैसे घालणारा माणूस आहे. २००५, २०१९, २०२१. पंधरा-सोळा वर्षांत तीन वेळा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फुटांवर धोक्याची खूण आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, हे सांगलीतल्या माणसाला सांगायला लागत नाही, पण करार करताना का कुणास ठाऊक कुणाला आठवत नाही.

कायदा काय म्हणतो बघा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात असं आहे की आगीनं, पुरानं जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा कायमचा वापरण्याजोगा राहिला नाही तर भाडेकरूला भाडेपट्टा सोडून देता येतो. यातला कायमचा हा शब्द महत्त्वाचा. आपला पूर आठ-दहा दिवसांत उतरतो, गाळ राहतो, भिंती ओल्या राहतात, पण गाळा उभाच असतो. म्हणजे भाडं आपोआप माफ होत नाही. कोरोनाच्या वेळी दिल्लीत खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या केसमध्ये मे २०२० ला तिथल्या उच्च न्यायालयानं हेच धरलं, लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं म्हणून भाडं थांबवता येणार नाही म्हणाले, करारात तसं लिहिलेलं असतं तर गोष्ट वेगळी. म्हणून लिहायचं.

मी असं लिहिते. पाणी शटरच्या आत आलं त्या दिवसापासून भाडं बंद, लाईट परत जोडून दिली त्या दिवसापासून अर्धं, आणि त्यापुढं एक महिन्यानं पूर्ण. भिंती, प्लास्टर, मेन लाईन मालकाची, ओव्हन, फ्रीज, फर्निचर त्याचं. ४५ दिवसांत गाळा सुरू होण्यासारखा झाला नाही तर त्याला डिपॉझिट घेऊन निघता येईल. दिवसांचे आकडे तुम्ही तुमच्या हिशोबानं बदला.

आणि कागदापलीकडचं पण बघा. तुमच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ असेल, रंग दिला असला तरी शेजारच्याकडं असेलच. इलेक्ट्रिक पॅनेल आणि मीटर त्या रेघेच्या वर घेता येत असेल तर आत्ताच घ्या, गाळा मोकळा असताना. रेघ फारच उंच असेल तर निदान असं करा की ओव्हन चाकांच्या स्टँडवर घ्यायला सांगा, पीठ मळायचं मशीन सुटं उचलता येईल असं ठेवायला सांगा. विटांची पक्की भट्टी बाजारपेठेत मी नको म्हणेन, ती पाणी पिते आणि नीट वाळायच्या आत पेटवली तर तडकते. पाणी ४० फुटांच्या इशाऱ्याला लागलं की माल हलवायला वरच्या मजल्यावर एक खोली द्याल का, हे त्यानं विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. तुमची आणि त्याची दोघांच्या फायर पॉलिसीत पुराचं कव्हर आहे ना, हे पॉलिसी हातात घेऊन वाचा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

प्रश्न (राधिका रोड, सातारा): आमच्या बिल्डिंगमध्ये नॉनव्हेज चालत नाही. इटालियनवाला म्हणतो शुद्ध शाकाहारीच करणार. करारात शुद्ध शाकाहारी एवढं लिहिलं की पुरे का?

उत्तर: अंडं त्यात येतं का ते लिहा, केक आणि तिरामिसूमध्ये अंडं असतं आणि ताज्या पास्त्याच्या पिठात पण घालतात. दुसरं चीज. इटलीतलं खरं पार्मिजानो रेज्जानो वासराच्या जठरातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानं, विरजतात, तो त्यांचा नियमच आहे, म्हणजे काटेकोर शाकाहारी माणसाला ते चालणार नाही. म्हणून करारात सरळ लिहा, पाकिटावर हिरवा ठिपका असलेलाच माल वापरायचा. प्रामाणिक भाडेकरूला यात काही अडचण नाही, असं चीज मिळतं. आणि एक सुचवू का, त्याला खपली गहू दाखवा. इटलीत ज्याला फार्रो म्हणतात तो आपला खपलीच, आपल्या भागात अजून पिकतो, आणि त्याच्या पिठाची जी चव आहे ती मैद्याला कधी येणार नाही.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): दोन पार्ट्या आहेत. एक मोठ्या पिझ्झा चेनची फ्रँचायझी, ते म्हणतात भाडं थोडं कमी आणि वर विक्रीवर काही टक्के. दुसरा इथलाच मुलगा, ठरावीक भाडं देतो. मिस्टरांचं मत चेनला द्यावं, नाव मोठं आहे, बुडणार नाही. मुलगी लंडनला असते, ती म्हणते तिकडं मोठमोठी इटालियन हॉटेलं बंद पडली. कोणाचं ऐकू?

उत्तर: मुलीचं म्हणणं खरं आहे. जेमीज इटालियन म्हणून तिकडं प्रसिद्ध चेन होती, २००८ ला ऑक्सफर्डमध्ये सुरू झाली, मे २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्यांच्या ग्रुपची २५ पैकी २२ हॉटेलं एका दिवसात बंद, हजारभर लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पिझ्झाएक्स्प्रेस तर १९६५ पासूनची, तिनं २०२० मध्ये ७३ हॉटेलं बंद करायचा करार घेणेकऱ्यांशी, म्हणजे ज्यांचे पैसे तिच्याकडं होते त्यांच्याशी, केला. तिकडं अशा करारात घेणेकऱ्यांचं मतदान होतं आणि ते पास झालं की गाळ्याच्या मालकाला कमी भाडं गप घ्यावं लागतं किंवा गाळा परत घ्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी सांगतात, फार भराभर गाळे घेतले, भारी भाड्याचे घेतले, डोक्यावर कर्ज होतं. नाव मोठं असून ते थांबलं नाही.

म्हणून तुम्ही बोर्डावरचं नाव बघू नका, करारावर सही कोणाची आहे ते बघा. फ्रँचायझी असेल तर सही इथल्याच कुणा व्यापाऱ्याची असते, चेनची कंपनी तुमच्या भाड्याला बांधील नसते. म्हणजे खरं तर दोन्ही पार्ट्या इथल्याच माणसांच्या आहेत, आणि त्यांची तुलना तशीच करा, या माणसानं आधी काय चालवलंय, किती दिवस चालवलंय. कंपनी स्वतः घेत असेल आणि तिचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा त्यावर असेल तर भाडे नियंत्रण कायदाच लागू होत नाही, मग करारात जे लिहाल तेच, तेव्हा तो करार वकिलाकडनं ओळ न ओळ वाचून घ्या.

टक्क्यांचं घ्यायला हरकत नाही, पण किमान भाडं तुमचं भागेल एवढं ठेवा आणि टक्के त्याच्या वर. आणि विक्री म्हणजे काय हे लिहा, भांडण तिथंच होतं. झोमॅटो-स्विगीची ऑर्डर धरायची का, धरायची तर त्यांचं कमिशन कापायच्या आधीची रक्कम का नंतरची? पिझ्झाच्या दुकानात पार्सलच जास्त जातं, ते सोडलं तर तुमच्या हातात काय राहणार? तुम्ही म्हणाल जीएसटी रिटर्न बघून कळेल, तर ॲपवरच्या ऑर्डरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपच भरतं, रेस्टॉरंटच्या रिटर्नमध्ये ती विक्री वेगळ्या रकान्यात असते, त्यामुळं नुसता भरलेला कर बघून अंदाज काढलात तर चुकेल. बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा महिन्याचा रिपोर्ट आणि ॲपचं स्टेटमेंट दोन्ही द्यायचं, असं घाला.

मला विचाराल तर इथला मुलगा, ठरावीक भाडं, दरवर्षी थोडी वाढ. विश्रामबागेत कॉलेजची पोरं आणि घरचे लोक रोजचे आहेत, आणि जो माणूस स्वतः गल्ल्यावर बसतो तो चेंबर तुंबायच्या आधी फोन करतो. मिस्टरांना राग येऊ देऊ नका.

प्रश्न (पोवई नाका, सातारा): आधीचा इटालियनवाला दीड वर्षात सोडून गेला. दोन महिन्यांचं भाडं राहिलंय, डिपॉझिटमध्ये फिटलं. पण हूड, डक्ट, ग्रीस ट्रॅप आणि थ्री फेजचं मीटर तसंच आहे, तो आता म्हणतो हूड आणि डक्टचे ७० हजार द्या नाहीतर काढून नेतो. करारात काहीच लिहिलेलं नाही. नवीन एक पिझ्झावाला गाळा बघून गेलाय.

उत्तर: काढून न्यायला त्याला मजूर, क्रेन, भिंतीची भोकं बुजवायचा खर्च, आणि जुना डक्ट भंगारात किलोवर जाईल, हे त्यालाही कळतं. तुमच्याकडं आत्ता जो गाळा आहे तो कापडवाल्यासाठी काही विशेष नाही, पण पिझ्झावाल्यासाठी तो दोन महिने वाचवणारा आहे, कारण धूर, पाणी, लाईट तिन्ही तयार आहेत. मीटर तुमच्या नावावर आहे, ते जात नाही. ट्रॅप जमिनीत बसवलाय, तोही काढायला देऊ नका. हूड आणि डक्टचं तिघं मिळून बोला, तुम्ही, जुना आणि नवा. नव्याला नवीन करायला काय कोटेशन येतंय ते आधी मागवा, त्याच्या निम्म्याच्या आत जुन्याशी तोडा, पैसे नव्यानं द्यायचे आणि त्या बदल्यात तुम्ही नव्याला एक महिना भाडं माफ करायचं. जुन्याकडनं सगळं मिळालं, काही येणं नाही, असं स्टॅम्पवर लिहून घ्या आणि मगच नव्याला चावी द्या. नव्या करारात एक ओळ घाला की भिंतीला, छताला, जमिनीला पक्कं बसवलेलं जे असेल ते जाताना गाळ्यातच राहील, सुटं असेल ते त्याचं.

डक्ट आतनं एकदा उघडून बघा, दीड वर्षाचं तेल बसलेलं असणार आणि आग तिथंच लागते. साफ केल्याशिवाय नव्या ओव्हनला जोडू देऊ नका. साफ करणारे नाहीच मिळाले तर मला फोटो पाठवा, सांगलीतनं कुणी येतंय का बघते.